मंगरूळपीरची चादर आणि मुंबईचा मोर्चा: सहिष्णुतेच्या दोन कसोट्या

१/
वाशीम जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाने आपल्या नावातच एका सुफी संताची आठवण जपली आहे. ते गाव म्हणजे मंगरूळपीर. दादा हयात कलंदर यांचा दर्गा ही या गावाची जुनी ओळख. येथे चादर घेऊन येणाऱ्यांत मुसलमान असतात, तसेच हिंदूही असतात. आजच्या धाग्याची सुरुवात येथून करू. पुढे मुंबई, पुणे, इंदूर अशी वाट चालून अखेरीस पुन्हा वाशीमलाच परतू. प्रश्न एकच आहे: एखादा समाज सहिष्णू आहे, हे ओळखावे कशावरून?

२/
प्रथम स्थळाचा परिचय. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला; परंतु या भूमीचा इतिहास फार मागे जातो. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे हेच वाशीम. मोगलकाळात ‘आईने अकबरी’मध्ये वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून ‘बासीम’ची नोंद सापडते. पुढे वऱ्हाड निजामाकडे गेले आणि १८५३ मध्ये त्याचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. इंग्रजी अमलात बासीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे बारा लाख असून तीत मुसलमान सुमारे बारा टक्के आहेत. इतक्या दीर्घ काळात येथील हिंदू, मुसलमान, जैन, बौद्ध आणि बंजारा समाज एकमेकांना अनोळखी राहिलेले नाहीत.

३/
याच जिल्ह्यातील कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. परंपरेनुसार त्यांचा जन्म १३७८ चा. त्यांचे चरित्र सांगणारा सरस्वती गंगाधरांचा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ महाराष्ट्रात आजही घरोघरी वाचला जातो. त्याच्या अखेरच्या भागात बिदरच्या मुसलमान राजाची कथा येते. राजाला असाध्य व्याधी जडते, तो गाणगापुरास श्रीगुरूंच्या भेटीस येतो, व्याधीतून मुक्त होतो आणि श्रीगुरूंना सन्मानाने आपल्या नगरीत नेतो. राजाच्या पदरचे काही लोक कुरकुर करतात, तरी राजा आपली श्रद्धा सोडत नाही. मराठीतील एका अत्यंत सनातनी मानल्या गेलेल्या ग्रंथात एक मुसलमान राजा भक्त म्हणून उभा आहे, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

४/
ही कथा थोडी बारकाईने पाहू. राजा श्रीगुरूंचा भक्त का होतो? ग्रंथ सांगतो की पूर्वजन्मी तो त्यांचीच सेवा करणारा एक रजक होता. म्हणजे परधर्मीयाला जवळ घेताना कथेने त्याला आपल्या परिचित चौकटीत बसवून घेतले. सुफी दर्ग्यांच्या बाबतीतही पुष्कळदा असेच घडले. नवस बोलणाऱ्या हिंदू भाविकाने पिराला आपल्या दैवतांच्या पंक्तीत बसवले. हा मार्ग कमी प्रतीचा नव्हे. मध्ययुगातील सामान्य माणसाला एकत्र नांदण्याची जी वाट सापडली, ती हीच होती. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले आणि ‘योगसंग्राम’सारखा ग्रंथ मराठीत लिहून संतपरंपरेत मान्य झाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी नागपूरच्या ताजुद्दीन बाबांना रघुजीराजे भोसल्यांनी आपल्या वाड्यात आश्रय दिला. वाशीमचा अनुभव या मोठ्या परंपरेचाच भाग आहे.

५/
सहिष्णुतेवरचे बहुतेक लेख या मुक्कामी येऊन थांबतात. उरुसात हिंदू, वारीत मुसलमान, सारे काही आलबेल. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपण सहन करतो, ही पहिली कसोटी झाली. आपल्याच धर्मातील एखादा माणूस उठून ‘आपली ही रूढी अन्यायाची आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्याचे काय होते? ही दुसरी कसोटी. पहिलीत उत्तीर्ण होणारे समाज दुसरीत अनेकदा नापास होतात. महाराष्ट्रात या दुसऱ्या कसोटीचा सर्वांत स्पष्ट अध्याय हमीद दलवाई या नावाशी जोडलेला आहे.

६/
हमीद उमर दलवाई यांचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळी गावी झाला. घर कोकणी मुसलमानाचे, बोली कोकणातली, लेखन मराठीत. तरुणपणी ते राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढले. पुढे आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ दैनिकात त्यांनी पत्रकारिता केली. ‘लाट’ हा कथासंग्रह आणि ‘इंधन’ ही कादंबरी यांमुळे साहित्यिक म्हणून त्यांचे नाव झाले. कोकणातील हिंदू-मुस्लिम जीवनाचे इतके आतून केलेले चित्रण मराठी वाचकाने त्यापूर्वी क्वचितच पाहिले होते. सुखाने कथा-कादंबऱ्या लिहीत राहणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ती वाट सोडली.

७/
१८ एप्रिल १९६६. मुंबईत विधानभवनावर एक मोर्चा निघाला. मोर्चात स्त्रिया किती? सात. सातही मुसलमान; त्यांत दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसाही होत्या. मागण्या अशा: एकतर्फी तोंडी तलाक बंद व्हावा, बहुपत्नीत्वाला आळा बसावा, सर्व भारतीय स्त्रियांना समान कायदा लागू व्हावा. त्या वेळी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी वसंतराव नाईक होते, म्हणजे वाशीमला लागून असलेल्या पुसद भागाचेच सुपुत्र. आकड्याच्या हिशोबात सात म्हणजे काहीच नव्हे. पण स्वतंत्र भारतात मुसलमान स्त्रिया आपल्या कौटुंबिक कायद्याविरुद्ध अशा उघडपणे रस्त्यावर उतरल्याचा हा आरंभीचा प्रसंग होता. पुढील अर्धशतकाच्या लढ्याचे मूळ येथे आहे.

८/
या मागण्यांमागची कायद्याची स्थिती समजून घेऊ. १९३७ च्या शरियत कायद्याने विवाह, तलाक, वारसा आदी बाबतींत मुसलमानांना त्यांचा व्यक्तिगत कायदा लागू केला. १९३९ च्या कायद्याने मुसलमान स्त्रीला ठराविक कारणांवरून न्यायालयात विवाहविच्छेद मागण्याची सोय दिली. पुरुषाच्या एकतर्फी तलाकाला मात्र कोणी हात लावला नाही. एका दमात तीन वेळा तलाक उच्चारला की संसार संपला, अशी रूढी चालूच राहिली. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आला आणि हिंदूंमधील द्विभार्या प्रथेवर बंदी आली. हिंदू कायद्यातील सुधारणेलाही प्रखर विरोध झाला होता, हे विसरू नये. डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागील एक प्रमुख कारण रखडलेले हिंदू कोड बिल हेच होते.

९/
‘इस्लाम बदलूच शकत नाही’ असे दोन प्रकारचे लोक म्हणत असत: कट्टर मुसलमान आणि कट्टर मुसलमानद्वेष्टे. जगाचा अनुभव दोघांनाही खोटे पाडतो. केमाल पाशाच्या तुर्कस्तानने १९२६ मध्ये युरोपीय धर्तीची नागरी संहिता स्वीकारली. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्व कायद्याने बंद केले आणि तलाक न्यायालयाच्या कक्षेत आणला. पाकिस्ताननेसुद्धा १९६१ च्या वटहुकमाने तलाकाची लेखी सूचना देणे आणि नव्वद दिवसांची मुदत पाळणे आवश्यक ठरवले. म्हणजे १९६६ मध्ये त्या सात स्त्रिया जे मागत होत्या, त्याचा काही भाग मुस्लिम देशांत आधीच प्रत्यक्षात उतरला होता.

१०/
२२ मार्च १९७० रोजी पुण्यात दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. नाव विचारपूर्वक निवडलेले होते. याच पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता. फुल्यांनी महंमद पैगंबरांवर ‘मानव महंमद’ हे गौरवपर काव्यही रचले होते. आपल्या समाजाच्या चिकित्सेची परंपरा पश्चिमेतून उसनी आणण्याची गरज नाही, ती महाराष्ट्राच्या मातीत आहे, असेच जणू या नावाने सुचवले. तलाकपीडित स्त्रियांना आधार, कुटुंबनियोजनाचा प्रचार, प्रादेशिक भाषेतून शिक्षणाचा आग्रह, अशी मंडळाच्या कामाची दिशा होती.

११/
दलवाईंचे म्हणणे थोडक्यात मांडायचे तर असे. भारतीय मुसलमानांच्या दुःस्थितीचे सगळे खापर हिंदूंवर फोडून चालणार नाही. मुसलमान समाजात आत्मपरीक्षण करणारा, आधुनिक विचारांचा वर्ग पुरेसा निर्माण झाला नाही, हे त्यांच्या मते दुखण्याचे मूळ. फाळणीच्या राजकारणाची त्यांनी केलेली चिकित्सा निर्भीड होती. तितक्याच निर्भीडपणे त्यांनी हिंदू जातीयवाद्यांवरही टीका केली, आणि मुसलमानांच्या सनातनीपणाकडे सोयीस्कर डोळेझाक करणाऱ्या पुरोगाम्यांनाही सोडले नाही. दिलीप चित्रे यांनी इंग्रजीत आणलेल्या त्यांच्या लेखनामुळे हा विचार देशभर पोहोचला. परिणामी आपल्या समाजात ते ‘हिंदूंचे हस्तक’ ठरले. आणि बाहेर टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांच्या लेखनाची सोयीची अर्धीच पाने वाचली.

१२/
येथे एक गैरसमज दूर करू. ‘उदारमतवादी मुसलमान’ हा एकच एक आवाज कधीच नव्हता. माथेरानला जन्मलेले कायदेपंडित आसफ अली असगर फैजी धर्म आणि कायदा यांची क्षेत्रे वेगळी करा, असे सांगत. त्यांची श्रद्धा अभंग होती. मुंबई महापालिकेत अभियंता म्हणून नोकरी केलेले असगर अली इंजिनिअर कुराणाचाच नव्याने अर्थ लावून स्त्री-पुरुष समतेचा पुरस्कार करत. दलवाई मात्र धर्मग्रंथाच्या आधारावर न विसंबता मानवी मूल्ये आणि संविधान यांच्या पायावर उभे राहिले. फैजी विद्वान, इंजिनिअर श्रद्धावान सुधारक, दलवाई इहवादी बंडखोर. तिघांचे मार्ग भिन्न होते आणि त्यांच्या अनुयायांत मतभेदही होते. एका समाजाच्या वतीने एकच ‘चांगला मुसलमान’ शोधणाऱ्यांना हे चित्र अडचणीचे वाटते; इतिहास म्हणून मात्र ते असेच आहे.

१३/
मतभेद दाखवणाऱ्याची समाज कोणती किंमत वसूल करतो? सर्वांत प्रभावी शस्त्र म्हणजे बहिष्कार. लग्नाला कोणी येत नाही, मयताला खांदा मिळत नाही, धंद्यात गिऱ्हाईक उरत नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये धार्मिक किंवा जातीय बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिले. बहिष्कृत करण्याचा अधिकार हा आमच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने तो मान्य केला आणि कायदा रद्दबातल ठरवला. सरन्यायाधीश भुवनेश्वरप्रसाद सिन्हा यांनी एकट्याने वेगळे मत नोंदवले. त्यांच्या दृष्टीने हा कायदा माणसाची प्रतिष्ठा राखणारा होता.

१४/
या निकालाकडे नीट पाहिले की आपला प्रश्न अधिक टोकदार होतो. धर्मस्वातंत्र्य कोणाचे? समूहाचे की समूहातील व्यक्तीचे? समूहाला आपल्या पद्धतीने जगू देणे ही सहिष्णुताच. पण समूहाच्या आत एखाद्याची कोंडी होत असेल, तर ती कोंडी पाहून स्वस्थ बसणे यालाही सहिष्णुता म्हणायचे काय? हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही. महाराष्ट्रात अनेक हिंदू जातींच्या जातपंचायतींनी आंतरजातीय विवाह केलेल्या कुटुंबांना वाळीत टाकले आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. त्यातून सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आला आणि तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. १९६२ च्या निकालाचा फेरविचार करण्याचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

१५/
पुन्हा दलवाईंकडे वळू. मूत्रपिंडाच्या विकाराने ३ मे १९७७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे चव्वेचाळीस. कोणत्याही धार्मिक विधीविना आपले दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. त्यांच्या पश्चात मेहरुन्निसा दलवाईंनी हे काम चाळीस वर्षे सांभाळले. पतीच्या चळवळीच्या काळात नोकरी करून संसाराचा भार उचलणाऱ्याही त्याच. ‘मी भरून पावले आहे’ हे त्यांचे आत्मकथन १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ८ जून २०१७ रोजी त्यांचे निधन झाले. एका दमातील तीन तलाकाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी लागला. विधानभवनावर गेलेल्या सातांपैकी एक स्त्री त्या निकालाच्या उंबरठ्यापर्यंत चालत आली होती.

१६/
चळवळी केवळ विचारवंतांमुळे चालत नाहीत. सय्यद महबूब शाह कादरी, म्हणजेच सय्यदभाई, हे पुण्याच्या पेन्सिल कारखान्यात काम करत मोठे झालेले गृहस्थ. त्यांच्या धाकट्या बहिणीला, खतिजाला, ऐन तारुण्यात तोंडी तलाक मिळाला. ‘तिचा अपराध काय?’ हा प्रश्न घेऊन ते धर्मपंडितांकडे गेले. समाधानकारक उत्तर कोठेच मिळाले नाही. पुढे त्यांची दलवाईंशी भेट झाली आणि ते मंडळाचे आधारस्तंभ बनले. आपल्या आत्मकथनाला त्यांनी नाव दिले ‘दगडावरची पेरणी’. त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. या माणसाच्या आयुष्यात ग्रंथातून आलेला ‘उदारमतवाद’ फारसा नव्हता. घरात बसलेल्या बहिणीचे दुःख त्याने पाहिले होते.

१७/
१९८५. इंदूरच्या शाहबानो नावाच्या वृद्ध स्त्रीला तिच्या वकील पतीने तलाक दिला होता. तिने पोटगी मागितली. उच्च न्यायालयाने ठरवलेली रक्कम होती दरमहा १७९ रुपये २० पैसे. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने तिचा हक्क मान्य केला. देशभर वादळ उठले. दडपण इतके वाढले की स्वतः जिंकलेला निकाल आपल्याला नको, असे जाहीर पत्र शाहबानोला अंगठा उठवून काढावे लागले. पुढे १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा करून त्या निकालाचा परिणाम बराच बोथट केला. ज्या स्त्रीसाठी सारा देश भांडत होता, तिचा आवाज त्या गदारोळात सर्वांत आधी बंद झाला.

१८/
त्याच १९८५ साली मुस्लिम सत्यशोधक मंडळाने कोल्हापूर ते नागपूर असा तलाक मुक्ती मोर्चा काढला. तलाकपीडित स्त्रिया आपली कहाणी आपल्या तोंडून सांगत गावोगाव निघाल्या. वाटेत विरोधही झाला. या काळात कट्टर नेतृत्वाला सरकारने ‘समाजाचा आवाज’ मानले. या स्त्रियांना मात्र अपवाद समजले. अल्पसंख्य समाजाच्या आत आणखी एक अल्पसंख्य असतो, तो म्हणजे मतभेद असणारा माणूस. त्याच्या मागे मतपेढी नसते, त्यामुळे वाटाघाटीच्या मेजावर त्याला खुर्ची मिळत नाही. ही चूक त्या एका वर्षात झाली आणि संपली, असे समजण्याचे कारण नाही.

१९/
तरीही पाणी हळूहळू मुरत होते. २००१ मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या कायद्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने लावला. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दगडू पठाण खटल्यात स्पष्ट केले की ‘तलाक दिला’ एवढे म्हणून भागत नाही. कारण होते आणि आधी समेटाचा प्रयत्न झाला होता, हे सिद्ध करावे लागते. वाशीमच्या शेजारी असलेल्या मराठवाड्यातून आलेला हा निकाल पुष्कळ वाचकांना माहीतही नसतो. २०१६ मध्ये मुंबईच्या हाजीअली दर्ग्याच्या गाभ्यापर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्क उच्च न्यायालयाने मान्य केला. तो खटला लढवणाऱ्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या श्रद्धावान मुसलमान स्त्रियाच होत्या.

२०/
२२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमातील तीन तलाक अवैध ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो दंडनीय गुन्हा झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. या दुसऱ्या टप्प्यावर सुधारणावाद्यांतही दुमत झाले. पतीला तुरुंगात टाकल्यावर पत्नीला पोटगी कोण देणार, दिवाणी स्वरूपाच्या बाबीला फौजदारी वळण का द्यावे, असे काहींनी विचारले. शिक्षेचा धाक नसेल तर निकाल कागदावरच राहील, असे इतरांनी म्हटले. या मतभेदाचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. जो समाज आपसांत असा वाद करू शकतो, तो जिवंत असतो.

२१/
आता एक सावधगिरीची सूचना, विशेषतः आपल्या पिढीसाठी. दलवाईंचे नाव आज समाजमाध्यमांवर पुष्कळदा दिसते. कोणी ते मुसलमान शेजाऱ्याच्या तोंडावर फेकण्यासाठी वापरतो. ‘पाहा, तुमचाच माणूस काय म्हणतो’, असा त्यातला सूर असतो. परंतु दलवाई मुसलमानांना हिणवत नव्हते. आपल्या माणसांवर त्यांचा हक्क होता, म्हणून ते रागावत होते. शिवाय प्रत्येक मुसलमानाकडून तो ‘उदार’ असल्याचा पुरावा मागत राहणे, हाही अन्यायच. मंगरूळपीरच्या बाजारात कापसाचा भाव करणाऱ्या शेतकऱ्याकडे दूरदेशीच्या एखाद्या घटनेबद्दल खुलासा मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. अंतर्गत टीकेचा आदर करायचा, तर ती टीका शस्त्र म्हणून उचलण्याचा मोह टाळला पाहिजे.

२२/
दुसऱ्या बाजूचा मोहही तितकाच घातक. ‘बाहेर वातावरण बिघडलेले आहे, आत्ता आपली उणीदुणी काढू नका’, असे प्रत्येक काळात सुधारकांना सांगितले गेले. रानड्यांना सांगितले गेले, आगरकरांना सांगितले गेले, दलवाईंनाही सांगितले गेले. आगरकरांची तर त्यांच्या हयातीतच प्रेतयात्रा काढली गेली होती. सुधारणेचा योग्य मुहूर्त कधीच येत नाही. ‘आधी सुरक्षितता, मग सुधारणा’ हा क्रम ऐकायला व्यवहारी वाटतो. पण त्यात ज्याला थांबायला सांगितले जाते, ती नेहमीच घरातील सर्वांत दुबळी व्यक्ती असते. त्याच वेळी, जो समाज सतत भीतीखाली जगतो, त्याला आत्मपरीक्षण अधिक जड जाते, हेही खरे. म्हणूनच बहुसंख्याकांनी दिलेले अभय आणि अल्पसंख्याकांनी केलेली आत्मचिकित्सा एकमेकींना बळ देतात.

२३/
आता वाशीमला परतू. कारंज्यात जन्मलेल्या श्रीगुरूंची आणि बिदरच्या राजाची कथा, मंगरूळपीरच्या दर्ग्यावर पडणारी हिंदू भाविकाची चादर, या गोष्टी आपल्याला वारशात मिळाल्या आहेत. त्या जपल्या पाहिजेत, कारण द्वेषाचे वारे सुटले की अशाच लहान सवयी गावाला सावरतात. मात्र वारसा आपल्याला अर्धीच वाट चालवतो. त्यापुढची वाट सात स्त्रियांच्या मोर्चाने आखली आहे. चादर सांगते, ‘तू वेगळा आहेस, तरी माझा आहेस.’ मोर्चा विचारतो, ‘मी तुझीच आहे, पण मी वेगळे बोलले तर?’ पहिल्या वाक्याला गावाने कित्येक पिढ्या उत्तर दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येक पिढीला नव्याने द्यावे लागते.

२४/
शेवटी एक छोटेसे काम सुचवतो. आपल्या गावातील दर्गा, मठ, मशीद, देरासर किंवा विहार यांचा इतिहास विचारताना आणखी एक प्रश्न जोडा: येथे कोणी रूढीविरुद्ध बोलले होते काय, आणि त्याचे पुढे काय झाले? वाळीत टाकलेल्या कुटुंबाची गोष्ट, विधवेचे लग्न लावणारा कोणी गुरुजी, मुलीला शाळेत पाठवणारी एखादी आजी, बहिणीसाठी मौलवींशी वाद घालणारा भाऊ. अशी माणसे गॅझेटिअरमध्ये सापडत नाहीत. वडीलधाऱ्यांच्या आठवणींत मात्र असतात. ती नोंदवून ठेवा. पहिल्या कसोटीचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. दुसरीचा अजून लिहायचा आहे, आणि तो गावागावांतूनच लिहिला जाईल. धागा समाप्त.